प्लांट : झाड, कारखाना की आणखी काही?

वालचंदनगरात ‘प्लांट’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. साखर कारखान्याची यंत्रं इथं बनली, सिमेंटची बनली, ट्रेलरवर चढून देशात आणि देशाबाहेर गेली. मागोमाग ‘इरेक्शन’साठी इथली माणसं साईटवर गेली. ‘केवढ्याचा प्लांट?’ असं विचारलं तर उत्तर रुपयांत येत नाही, टीसीडीत येतं, म्हणजे रोज किती टन ऊस गाळणार या हिशोबात. ज्या घरातला माणूस असा महिनोन्‌महिने साईटवर असतो, त्या घरातल्या आजीसुद्धा ‘प्लांट चालू झाला की येईल’ असं शेजारणीला बिनदिक्कत सांगतात.

शब्द इतका अंगवळणी पडला की त्याकडे कुणी पुन्हा बघत नाही, आणि इंग्रजी कागद वाचताना घोटाळा होतो तो त्यामुळेच. मराठीनं ‘प्लांट’ उचलला तो एकाच अर्थानं : यंत्रं बसवून माल काढायची जागा. गावातला पाण्याचा आरओ प्लांट, रस्त्याकडेचा डांबराचा प्लांट, काँक्रीटचा आरएमसी प्लांट. झाडाला आपण प्लांट म्हणत नाही, कारण आपल्याकडे रोप आहे, झुडूप आहे, वेल आहे, तरवा आहे. शहरातल्या नर्सरीत ‘इनडोअर प्लांट्स’ मिळतात, तेवढा अपवाद. इंग्रजीत मात्र या एका शब्दाच्या पोटात झाड, लागण, कारखाना, यंत्रसामग्री, मुद्दाम घुसवलेला माणूस असे बरेच अर्थ नांदतात. आपलं मन आधी कारखान्याकडे धावतं, तिथं जमलं नाही तर शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाकडे, म्हणजे ‘वनस्पती’कडे. कागदाला हवा असलेला अर्थ कधी कधी तिसराच असतो.

बारामती-इंदापूर पट्ट्यात हा प्रश्न नुसता भाषेचा राहत नाही. इथं शेत आणि कारखाना एकमेकांना चिकटून आहेत. सोलापूरला १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर आधी ऊस आणि मग साखर उभी केली, तेव्हापासून वालचंदनगरात दोन्ही ‘प्लांट’ शेजारी शेजारी आहेत. एकाच घरात ऊस उत्पादक वडील, डिप्लोमाला असलेली मुलगी आणि जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप चालवणारा काका असू शकतो. तिघांच्या हातात तीन इंग्रजी कागद येतात, तिन्हींत ‘प्लांट’ असतो आणि तिन्हीकडे तो वेगळा असतो.

वडिलांपासून सुरुवात करू. पाडेगावचं मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र असो की मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, उसाच्या जातींचे इंग्रजी अहवाल पाहिले तर उत्पादनाच्या तक्त्यात बहुधा दोन रकाने दिसतात : ‘प्लांट’ आणि ‘रटून’. इथं प्लांट म्हणजे लागण आणि रटून म्हणजे खोडवा. आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू या तिन्ही आपल्या हिशोबी वेगवेगळ्या लागणी आहेत, पण खोडव्याच्या शेजारी ठेवल्या की इंग्रजीत तिन्ही ‘प्लांट केन’. कृषी पदवीची मुलं ‘प्लांट क्रॉप यील्ड’चं मराठी करताना ‘रोपाचं उत्पादन’ असं लिहून मोकळी होतात. एका रोपाचं उत्पादन आणि लागणीच्या पिकाचं एकरी उत्पादन यांत किती अंतर आहे हे कुठलाही ऊसवाला सांगेल. को ८६०३२ किंवा फुले २६५ ची लागणीतली आणि खोडव्यातली कामगिरी ताडून बघायची असेल, तर हा रकाना नीट वाचल्याशिवाय पुढं जाऊ नये. पीककर्जाचा दर ठरतानाही लागण आणि खोडवा वेगळे धरले जातात, तेव्हा बँकेच्या इंग्रजी परिपत्रकातल्या ‘प्लांट’ला कारखाना समजून चालणार नाही.

याच अहवालांत आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. ‘प्लांट पॉप्युलेशन’ म्हणजे एकरात किंवा हेक्टरात उभ्या असलेल्या रोपांची संख्या. आणि ‘प्लांटिंग मटेरियल’ म्हणजे बेणं, मग ते दोन डोळ्यांचं टिपरं असो, एक डोळ्याचं असो की नर्सरीतलं ट्रेमधलं रोप. नर्सरीवाल्याचं बिल मात्र खरोखरच ‘पर प्लांट’, म्हणजे नगावर, असतं. तिथं रोप हाच अर्थ.

या शब्दाचं मूळही जाता जाता सांगतो, कारण ते उसाच्या शेतात डोळ्यांनी दिसतं. लॅटिनमध्ये ‘प्लांटा’ म्हणजे कोंब किंवा लावायची फांदी, आणि ‘प्लांटा’ म्हणजेच पायाचा तळवाही. लावताना पायानं माती दाबायची म्हणून हे दोन अर्थ जोडले गेले असावेत, असं भाषेचे बरेच अभ्यासक मानतात. आपल्याकडची ओली लागण आठवा. सरीत पाणी सोडलेलं असतं, माती लोण्यासारखी झालेली असते, बाया डोक्यावरच्या पाटीतून एकेक टिपरं सरीत टाकत पुढं जातात आणि डोळा बाजूला राहील असं बघून ते टाचेनं चिखलात दाबतात. रोमन शेतकऱ्यानं आणखी वेगळं काय केलं असणार? कारखाना हा अर्थ फार पुढचा, अठराव्या शतकाच्या अखेरीकडचा. जमिनीत रोवून बसवलेलं ते ‘प्लांट’, मग ते रोप असो की वाफेचं इंजिन, असा तो प्रवास. फाउंडेशन बोल्टवर बसवलेली मिल बघितली की हा अर्थ पटतो.

आता मुलीचा कागद. आपल्या भागातल्या डिप्लोमाच्या आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचे कंपनीकडे जाणारे अर्ज ज्यांनी वाचलेत त्यांना हे नवं नाही. विषयाच्या ओळीत ‘इम्प्लांट ट्रेनिंग’ मागितलेलं असतं. इम्प्लांट म्हणजे शरीरात बसवतात ते : हिरडीत रोवलेला दात, हाडात घातलेला रॉड, कानाच्या आतलं कॉक्लिअर यंत्र. मुलांना हवं असतं ‘इन-प्लांट ट्रेनिंग’, कारखान्याच्या आत राहून घ्यायचं शिक्षण. स्पेलिंगमध्ये आय-एम नाही, आय-एन. त्यानंतर छोटी आडवी रेघ आणि मग प्लांट. उच्चारात ‘न’ चा ‘म’ आपोआप होतो म्हणून ही चूक पिढ्यानपिढ्या चालत आलीय, आणि सीनिअरच्या अर्जावरून ज्युनिअर अर्ज उतरवतो म्हणून ती टिकलीय. कंपनीतला माणूस समजून घेतो, हे खरं. पण तोच शब्द पुढं बायोडेटात जातो, बायोडेटा पुण्या-मुंबईच्या कंपनीत जातो आणि तिथं कुणी समजून घ्यायला बसलेलं नसतं. शंका असेल तर सरळ ‘इंडस्ट्रियल ट्रेनिंग’ किंवा ‘इंटर्नशिप’ लिहा. तंत्रशिक्षणाच्या कागदपत्रांत हेच शब्द चालतात. आणि नुसतं ‘तुमच्या प्लांटमध्ये’ असं मोघम लिहू नका. मशिन शॉप, फॅब्रिकेशन, फाउंड्री, क्वालिटी यांतलं कुठं शिकायचंय, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे लिहा. अर्ज वाचणाऱ्याचा त्यावरूनच ग्रह होतो.

नोकरीच्या जाहिरातींत शेजारचा शब्द बघायची सवय लावून घ्यावी. ‘प्लांट’च्या पुढं मॅनेजर, ऑपरेटर, मेंटेनन्स, लेआउट, कपॅसिटी, शटडाऊन यांपैकी काही आलं की कारखाना. पुढं पॅथॉलॉजी, ब्रीडिंग, फिजिऑलॉजी, व्हरायटी, न्यूट्रिशन आलं की वनस्पती. आयटीआयचा ‘अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट’ हा ट्रेड पहिल्या गटातला; बीएस्सी अ‍ॅग्रीनंतरचं ‘प्लांट पॅथॉलॉजी’ दुसऱ्या. फसवतो तो ‘प्लांट प्रोटेक्शन’. वालचंदनगरसारख्या ठिकाणी वाढलेल्या मुलाला वाटतं ही गेटवरच्या सिक्युरिटीची नोकरी. प्रत्यक्षात ते पीकसंरक्षण आहे. केंद्र सरकारचं फरिदाबादचं ‘प्लांट प्रोटेक्शन, क्वारंटाइन अँड स्टोरेज’ संचालनालय कीड, रोग आणि आयात-निर्यातीतल्या शेतमालाची तपासणी बघतं. टोळधाडीवर नजर ठेवणारी यंत्रणाही त्याच्याच अखत्यारीतली. इंदापूरचं डाळिंब किंवा बारामतीची द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्याला ‘प्लांट क्वारंटाइन’शी गाठ पडतेच. माल कीडमुक्त असल्याचा फायटोसॅनिटरी दाखला लागतो.

काही जोड्या दोन्हीकडे चालतात आणि तिथं शेजारचा शब्दही पुरत नाही, अख्खं वाक्य बघावं लागतं. ‘प्लांट हेल्थ’ शेतकी कागदात पिकाचं आरोग्य असतं, तर कंपनीच्या मेंटेनन्स रिपोर्टमध्ये यंत्रांची अवस्था : बेअरिंग तापतंय का, कंपनं किती, गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं. ‘प्लांट डॉक्टर’ ही पदवी कृषी सल्लागारही लावतो आणि यंत्रांची चाचणी करून देणारी फर्मही. अशा वेळी कागद कुठल्या खात्याचा आहे ते आधी बघायचं आणि मग अर्थ लावायचा. उलटं केलं की चुकतं.

वीजनिर्मितीच्या टेंडरांत एक खास सापळा आहे. ‘बॅलन्स ऑफ प्लांट’. आपल्याकडे बॅलन्स म्हटलं की बँकेतली शिल्लक किंवा यायचे राहिलेले पैसे. इथं मात्र बॉयलर, टर्बाइन, जनरेटर ही मुख्य यंत्रं सोडून उरलेला सगळा पसारा असा अर्थ आहे : कोळसा किंवा बगॅस वाहणारे पट्टे, पाणी शुद्ध करायची व्यवस्था, कूलिंग टॉवर, राख काढणं, केबल. सहवीज प्रकल्पाचं छोटंमोठं काम घेणाऱ्या आपल्या ठेकेदारांनी हा शब्द नक्की ओळखून ठेवावा. कारण कुठलं काम कुणाच्या वाट्याला, ही भांडणं याच दोन-तीन शब्दांवरून होतात. ‘प्लांट लोड फॅक्टर’ त्या मानानं सोपा आहे. पूर्ण क्षमतेनं सतत चालला असता तर जेवढी वीज झाली असती, तिच्या किती टक्के खरोखर झाली, एवढंच.

काकांचा कागद सगळ्यांत महत्त्वाचा, कारण तिथं या शब्दाला रुपये चिकटलेत.

उद्यम नोंदणी करताना उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम हे दोन आकड्यांवर ठरतं : ‘प्लांट अँड मशिनरी’ मधली गुंतवणूक आणि वर्षाची उलाढाल. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्मची मर्यादा गुंतवणुकीला अडीच कोटी आणि उलाढालीला १० कोटी झाली. लघुसाठी २५ आणि १०० कोटी. मध्यमसाठी १२५ आणि ५०० कोटी. त्याआधी, २०२० च्या व्याख्येत, सूक्ष्मची सीमा एक आणि पाच कोटींवर होती. इथल्या ‘प्लांट’चा अर्थ ‘माझा अख्खा कारखाना’ असा घेतला तर माणूस जमिनीची किंमत धरतो, शेडचा खर्च धरतो, ऑफिसचं फर्निचर धरतो, आणि गुंतवणूक फुगून उद्योग विनाकारण वरच्या गटात जातो. जमीन, इमारत, फर्निचर यात येत नाही. लेथ, ड्रिलिंग मशिन, वेल्डिंग सेट, क्रेन येते. बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्येही ‘लँड अँड बिल्डिंग’ वेगळं आणि ‘प्लांट अँड मशिनरी’ वेगळं दाखवतात ते याच कारणानं. मार्जिन आणि सबसिडीचा हिशोब दोन्हींना निरनिराळा लागू शकतो.

आयकरात तर या शब्दानं वकिलांची घरं चालवलीत. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३ (३) मध्ये दिलेली प्लांटची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. प्लांटमध्ये जहाजं येतात, वाहनं येतात, पुस्तकं येतात, शास्त्रीय उपकरणं आणि शस्त्रक्रियेची हत्यारं येतात. काय येत नाही? चहाची झुडपं, जनावरं, इमारती, फर्निचर आणि फिटिंग्ज. म्हणजे आयकराच्या दृष्टीनं डॉक्टरचं पुस्तक प्लांट आहे आणि चहाचं झुडूप प्लांट नाही! जनावरं बाहेर काढण्यामागंही इतिहास असावा. इंग्लंडमध्ये १८८७ साली ‘यारमाउथ विरुद्ध फ्रान्स’ हा खटला झाला. गाडीला जुंपलेल्या खोडकर घोड्यानं गाडीवानाला लाथ मारली. मालकाच्या ‘प्लांट’मधल्या दोषामुळे कामगार जखमी झाला तर भरपाई, असा कायदा होता. मग घोडा प्लांट आहे का? न्यायालय म्हणालं, आहे. धंदा चालवायला मालक जे कायमचं बाळगतो, विकायला ठेवत नाही, ते सगळं प्लांट. आपल्याकडचे न्यायाधीश आजही या खटल्याचा हवाला देतात.

त्याच तर्कानं आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७१ साली ताजमहाल हॉटेल नावाच्या एका हॉटेलच्या प्रकरणात नळ-पाइप आणि सॅनिटरी फिटिंगला प्लांट मानलं, आणि १९८५ साली सायंटिफिक इंजिनिअरिंग हाऊसच्या प्रकरणात तांत्रिक ड्रॉइंग, डिझाइन आणि माहितीच्या कागदांनाही. वालचंदनगरच्या ड्रॉइंग ऑफिसात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना हे ऐकून बरं वाटेल. मिलचा रोलर जसा प्लांट, तशी त्या रोलरच्या ड्रॉइंगची सुरळीही. यात नुसती गंमत नाही, घसारा आहे. सर्वसाधारण प्लांट-मशिनरीवर १५ टक्के घसारा मिळतो, फर्निचरवर १०. तेव्हा वर्कशॉपमधली एखादी वस्तू कुठल्या रकान्यात बसते हे सीएला विचारताना बिल आणि वस्तूचा उपयोग दोन्ही सांगा. ‘लोखंडी टेबल’ एवढंच लिहिलेलं बिल फर्निचरमध्ये जाईल. तेच जर मोजमापाचं सरफेस टेबल असेल तर गोष्ट वेगळी.

जीएसटीत एका छोट्या शब्दावरून काय घडलं तेही बघा. इमारत बांधताना भरलेल्या कराची वजावट कुणाला मिळणार नाही, हे सांगताना कायद्याच्या कलम १७ (५) मध्ये एका पोटकलमात ‘प्लांट अँड मशिनरी’ असं होतं आणि दुसऱ्यात ‘प्लांट ऑर मशिनरी’. भुवनेश्वरच्या एका मॉलवाल्या कंपनीचं म्हणणं असं की मॉल भाड्यानं देणं हाच आमचा धंदा, तर इमारत हेच आमचं प्लांट. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सफारी रिट्रीट्सच्या या खटल्यात सांगितलं की ‘अँड’ आणि ‘ऑर’ वेगळे आहेत. ‘प्लांट अँड मशिनरी’ला कायद्यात व्याख्या आहे, ‘प्लांट ऑर मशिनरी’ला नाही, म्हणून इमारत धंद्यात नेमकं काय काम करते ते तपासून ठरवा. पुढच्याच वर्षी, २०२५ च्या वित्त कायद्यानं, ‘ऑर’ काढून ‘अँड’ घातलं, तेही १ जुलै २०१७ पासून लागू. एवढ्या मोठ्या करोडोंच्या वादात निर्णय फिरला तो एका उभयान्वयी अव्ययावर. शाळेत व्याकरणाचा तास टाळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं! गोदाम किंवा मंगल कार्यालय बांधून भाड्यानं द्यायचा विचार असेल, तर जुन्या बातमीवर विसंबून वजावट धरू नका.

क्रियापद म्हणून ‘प्लांट’ आला की मराठीला काही अडत नाही, कारण आपल्याकडे दोन नेमकी क्रियापदं आहेत, लावणं आणि पेरणं. झाड लावतात. बातमी पेरतात, पत्रकार परिषदेत प्रश्न पेरतात, विरोधकांच्या बैठकीत आपला माणूस पेरतात. इंग्रजीत या सगळ्याला प्लांट. एखाद्या गुन्ह्याच्या इंग्रजी बातमीत ‘द वेपन वॉज प्लांटेड’ असं असेल, तर हत्यार जमिनीत पुरलं असा अर्थ घेऊ नका. ते दुसऱ्याला अडकवण्यासाठी त्याच्याकडे नेऊन ठेवलं, असा आरोप आहे. बाँबच्या बाबतीत मात्र ‘प्लांटेड’ म्हणजे नुसताच ठेवला, पेरला. क्रिकेटच्या समालोचनात ‘प्लांटेड हिज फ्रंट फूट’ म्हणजे पुढचा पाय घट्ट रोवला, आणि बहुधा पायचीत झाला.

दवाखान्याच्या कागदात याच घराण्यातले तीन शब्द भेटतात. ट्रान्सप्लांट म्हणजे प्रत्यारोपण. भाताची किंवा वांग्याची रोपं एकीकडून उपटून दुसरीकडे लावतात त्यालाही इंग्रजीत ‘ट्रान्सप्लांटिंग’च म्हणतात, त्यामुळे शेतकऱ्याला हा शब्द डॉक्टरच्याही आधी कळायला हवा. इम्प्लांट वर आलाच आहे. तिसरा ‘प्लांटर फॅसिआयटिस’. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते, तो आजार. हा प्लांटर तळव्याचा, आधी सांगितलेल्या लॅटिन तळव्याचाच. स्पेलिंगच्या शेवटी ए-आर असतं. ई-आर असेल तर तो लागवड करणारा माणूस किंवा यंत्र. ऊस लावायच्या यंत्रालाही ‘शुगरकेन प्लांटर’च म्हणतात. रिपोर्ट मोबाइलवर शोधताना एक अक्षर चुकलं की टाचेच्या व्यायामाऐवजी ट्रॅक्टरची जोड-अवजारं समोर येतात.

मोबाइलचा विषय निघालाय तर भाषांतराच्या अ‍ॅपबद्दलही सांगून टाकतो. सुटा शब्द किंवा फॉर्मच्या रकान्याचं नाव टाकलं तर ही अ‍ॅपं ‘प्लांट’ला अनेकदा ‘वनस्पती’ करतात. मग ‘प्लांट मॅनेजर’चा वनस्पती व्यवस्थापक होतो, आणि ‘प्लांट अँड मशिनरी’ची वनस्पती आणि यंत्रसामग्री. आपल्याकडे किराणा दुकानात ‘वनस्पती’ मागितली तर डालड्याचा डबा येतो, हा आणखी एक घोटाळा. त्यामुळे शब्द सुटा टाकू नका, पूर्ण वाक्य टाका, आणि आलेलं मराठी तसंच्या तसं अर्जात उतरवू नका. सरकारी मराठीत ‘संयंत्र’ लिहितात. कागदावर चालतं, पण बोलण्यात मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. वर्तमानपत्रं ‘प्रकल्प’ लिहितात : इथेनॉल प्रकल्प, सहवीज प्रकल्प. ऐकायला बरं आहे, पण ‘प्रोजेक्ट’लाही आपण प्रकल्पच म्हणतो, त्यामुळे प्रकल्प मंजूर झाला की चालू झाला हे वाचकाला कळत नाही. माझं मत विचाराल तर चालू असलेल्या जागेला कारखाना म्हणावं, यंत्रांच्या संचाला यंत्रसामग्री, कागदावरच्या योजनेला प्रकल्प, आणि बोलताना खुशाल प्लांट.

मुलं परदेशात आहेत अशी घरं आता वालचंदनगर-बारामतीत गल्लोगल्ली आहेत, म्हणून तिकडचंही थोडं. इंग्लंडमध्ये रस्त्याकडेला ‘हेवी प्लांट क्रॉसिंग’ अशी पाटी दिसली तर मोठ्ठं झाड रस्ता ओलांडणार नाहीये. जेसीबी, डंपर, रोलर यांची ये-जा आहे असा त्याचा अर्थ. तिथं ‘प्लांट हायर’ लिहिलेल्या दुकानात असली यंत्रं भाड्यानं मिळतात, कुंड्या नाहीत. या अर्थानं ‘प्लांट’चं अनेकवचन होत नाही, दहा यंत्रं असली तरी ‘प्लांट’च. शब्दाला शेवटी एस लागलाय का, हे बघायची सवय इथं कामाला येते. दुधाच्या बाटलीवर ‘प्लांट-बेस्ड’ असेल तर ते ओट, सोया किंवा बदामाचं पेय आहे. डेअरीच्या प्लांटमधून आलेलं दूध नव्हे. उपासाला किंवा चहाला म्हणून आणलं तर चव बदलेल.

आणि अमेरिकेच्या विमानतळावर उतरताना कस्टमच्या फॉर्मवर किंवा तोंडी विचारतात की फळं, भाज्या, ‘प्लांट्स’, बिया, अन्नपदार्थ असं काही बरोबर आहे का. नातवाच्या अंगणात लावायला घेतलेलं तुळशीचं रोप, मुळं ओल्या फडक्यात बांधलेली मोगऱ्याची फांदी, कढीपत्त्याची जुडी, कडुलिंबाचा पाला, रुमालातल्या भेंडीच्या बिया हे सगळं या प्रश्नात बसतं. ‘माझ्याकडे कसला आलाय प्लांट’ असं म्हणून नकारावर खूण करू नका. आहे ते सांगितलं तर फार तर वस्तू काढून घेतात. लपवलेलं सापडलं तर दंड होतो. लाडू-चिवडाही अन्नपदार्थांत येतो, तोही सांगावा. तो बहुतेक वेळा सोडतात.